औंधच्या राजाचे सूर्यनमस्कार

गांधीबाग हा नागपुरातील ठोक कापडबाजाराचा भाग. एका अंगाला इतवारी, दुसऱ्या अंगाला महाल आणि मधून वाहणारा सेंट्रल एव्हेन्यू. दिवस उजाडला की गाठोडी, हातठेले, ऑटो आणि दुचाक्या यांनी गल्ल्या भरून जातात, त्या रात्र पडेपर्यंत मोकळ्या होत नाहीत. जुन्या वाड्यांची अंगणे दुकानांच्या गाळ्यांत आणि गोदामांत गेली. या वस्तीत वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला जिना येतो, गच्ची येते, फार तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी उद्यानातला फेरफटका येतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी साठ मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती करायची कुठे, हा गांधीबागेतल्याच नव्हे, तर महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेतल्या आईबापांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी सातारा भागातील एका लहानशा संस्थानाच्या अधिपतीने दिले होते. मुलांच्या व्यायामाला मैदान लागते, साहित्य लागते, जोडीदार लागतो, ही समजूतच त्याने नाकारली. साडेतीन हात जागा आणि रोजची थोडी सवड एवढ्यावर सारे संस्थान धडधाकट करता येईल, असा त्याचा विश्वास होता. त्या विश्वासापायी त्याने शाळा, वर्तमानपत्रे, पुस्तके, छायाचित्रे आणि चित्रपट अशी सगळी साधने राबवली. औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची ही हकिगत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पंतप्रतिनिधींचे घराणे मराठी राज्याच्या इतिहासातले. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद या घराण्याकडे पुढे वंशपरंपरेने राहिले. पेशवाई बुडाल्यावर उरले ते एक आटोपशीर संस्थान. विस्तार सुमारे पाचशे चौरस मैल, गावे बहात्तर आणि तीही सलग नव्हेत. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात, तर गुणदाळ थेट विजापूरच्या बाजूला. नकाशावर शाईचे चार थेंब सांडावेत तसा हा मुलूख विखुरलेला होता. उत्पन्न बेताचे, लोक शेतकरी आणि पाऊस बेभरवशाचा.

धाकट्या मुलाला गादी मिळण्याचा संभव कमी असतो, म्हणून की काय, बाळासाहेबांचे शिक्षण नीट झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. संस्कृताची गोडी, चित्रकलेचा नाद आणि कीर्तनाची आवड या तिन्ही गोष्टी त्यांनी आयुष्यभर सांभाळल्या. वडिलांच्या कारकिर्दीत त्यांनी चिटणिसाचे काम केले. थोरले बंधू आणि नंतर पुतण्या अशी गादी फिरत फिरत १९०९ साली त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ऐन तारुण्यात सत्ता हाती न आल्यामुळे त्यांना वाचायला, चितारायला आणि व्यायाम करायला वेळ मिळाला. संस्थानी इतिहासात असा योग विरळा.

त्यांच्या व्यायामाची सुरुवात मात्र देशी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या जर्मन वंशाच्या पहिलवानाचे नाव इंग्रजी जाणणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या तोंडी होते. पिळदार शरीराची त्याची छायाचित्रे जगभर विकली जात. त्याचे डंबेल्स, त्याची पुस्तके, टपालाने शिकवला जाणारा त्याचा व्यायामक्रम यांचा मोठा बाजार झाला होता. पुढे १९०४-०५ च्या सुमारास सँडो स्वतः हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला. बाळासाहेबांनी त्याआधीच त्याचे साहित्य आणि पुस्तक मागवले होते, आणि सुमारे दहा वर्षे निष्ठेने ते त्या पद्धतीचा व्यायाम करीत होते. फायदा झाला नाही असे नव्हे. छाती भरली, दंड भरले. पण मन भरले नाही.

१९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदास टाकळीस असताना रोज बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. आखाड्यांतून जोर-बैठका चालत, घराघरांतून मुंजीनंतर मुलाला संध्या आणि नमस्कार शिकवले जात. परंतु तो एक तर देवधर्माचा भाग होता, नाही तर पहिलवानाच्या खुराकासारखी खास गोष्ट होती. सर्वांनी, म्हणजे मुलांनी, मुलींनी, कारकुनाने आणि गृहिणीने रोज करायचा, मोजूनमापून शिकवता येईल असा व्यायाम म्हणून त्याकडे कोणी पाहिले नव्हते. ते पाहणे ही बाळासाहेबांची कामगिरी.

सूर्यनमस्कार त्यांनी शोधून काढला, असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही, आणि तसा दावा करण्याची त्यांना गरजही नव्हती. त्यांनी केले ते निराळे, आणि कदाचित अधिक अवघड. एका प्रचलित रिवाजाला त्यांनी शिस्त दिली. नमस्काराचे दहा टप्पे त्यांनी बांधून दिले. ताठ उभे राहून हात जोडायचे. मग गुडघे न वाकवता ओणवून तळहात जमिनीला टेकायचे. एक पाय मागे न्यायचा, मग दुसरा. पाचव्या टप्प्याला साष्टांग: कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागतील, पण पोट टेकणार नाही. सहाव्याला छाती पुढे काढून मान मागे, सातव्याला कंबर उंच. तिथून उलट्या क्रमाने परत उभे राहायचे. तळहात एकदा टेकले की ते शेवटपर्यंत जागचे हलता कामा नयेत, श्वास कुठे घ्यावा आणि कुठे सोडावा हे चुकता कामा नये, याविषयी ते काटेकोर होते. त्याला जोड म्हणून बीजमंत्र आणि मित्र, रवी, सूर्य या क्रमाने येणारी सूर्याची नावे. उच्चाराने छाती, घसा आणि पोट यांना कंप मिळतो व तोही व्यायामच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या शरीरशास्त्राला हा शेवटचा मुद्दा सगळा मान्य होईलच असे नाही. उच्चारासाठी श्वास लांबवावा लागतो, एवढे मात्र कोणालाही पटावे.

या व्यायामातले मर्म मुलांच्या दृष्टीने पाहिले तर लक्षात येते. मांडीमागच्या शिरा, पाठीचा कणा, खांदे, मनगटे आणि पोटाचे स्नायू हे सगळे एका फेरीत कामाला लागतात. फेरी सावकाश घातली तर ते ताणणे होते, भराभर घातली तर धाप लागते. म्हणजे लवचिकपणा आणि दमसास दोन्ही एकाच साधनातून. शिवाय मूल किती करते ते मोजता येते. आज बारा, पुढच्या आठवड्यात पंधरा, अशी चढती भाजणी ठेवता येते. बाळासाहेबांनी वयाप्रमाणे संख्या ठरवून दिली होती. लहानांना थोडे, वाढत्या वयाला अधिक, आणि प्रौढांपुढे स्वतःचाच नमुना. ते स्वतः रोज तीनशेच्या घरात नमस्कार घालीत आणि हा क्रम त्यांनी वार्धक्यातही सोडला नाही. प्रजेला जे करायला सांगायचे ते आपण आधी करायचे, हा साधा नियम त्यांनी पाळला. राजवाड्यातील स्त्रिया आणि मुलेही त्याला अपवाद नव्हती. राणीसाहेबांनी नमस्कार घालणे आणि त्याची छायाचित्रे पुस्तकात छापली जाणे ही त्या काळी मामुली गोष्ट नव्हती.

संस्थानातील शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांबरोबर मुलींनाही. ज्या काळात मुलींना शाळेत पाठवावे की नाही यावर घराघरांत वाद होत, त्या काळात शाळेत आलेल्या मुलीने पदर खोचून नमस्कार घालावेत असा आग्रह एक राजा धरीत होता. मुलीचे शरीर पुढे बाळंतपणाला आणि कष्टाला तोंड देणार, तेव्हा तिला व्यायामाची गरज मुलाहून कमी नाही, असा त्यांचा विचार होता. त्यात आजच्या स्त्रीच्या स्वातंत्र्याचा विचार शोधू नये. पण त्या विचाराचा परिणाम मुलींच्या हातापायांवर झाला, हेही विसरू नये.

व्यायामाच्या जोडीला आहार. चहा-कॉफी, मैदा, सडलेला तांदूळ आणि साखर यांच्यावर बाळासाहेबांचा रोष होता. हातसडीचा तांदूळ, कोंड्यासकट कणीक, दूध, ताक, पालेभाज्या आणि कच्च्या भाज्या यांचा ते पुरस्कार करीत. पॉलिश केलेल्या तांदळाने काय हरवते याचे शास्त्र तेव्हा नुकते आकाराला येत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतच जीवनसत्त्वांची कल्पना स्थिर झाली, आणि औंधच्या राजाने ती चटकन उचलली. चहाविरोधी मोहिमेला मात्र यश आले नाही. महाराष्ट्राने नमस्कार थोडेफार घेतले, चहा मुळीच सोडला नाही.

इथे एका अडचणीच्या प्रश्नाला तोंड द्यायला हवे. आटपाडीसारख्या भागात पाऊस हुलकावणी देई. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कोरड्यास एवढेही ज्या घरांत दोन्ही वेळा मिळण्याची खात्री नाही, त्या घरच्या मुलाला पंचवीस नमस्कार घालायला लावून काय साधणार? व्यायामाने भूक वाढते, ती भागवायची कशाने? दूध-ताकाचा उपदेश ज्याच्या दारात गाय आहे त्याला ठीक. नमस्काराच्या गुणांचे वर्णन करताना बाळासाहेबांची लेखणी जितकी रंगते, तितकी ती या प्रश्नावर रेंगाळत नाही. अनेक रोगांवर नमस्कार हाच उपाय सांगण्यापर्यंत त्यांचा उत्साह जाई, आणि तो उत्साह वैद्यकाच्या कसोटीला उतरणारा नव्हता. त्या काळातील बहुतेक सर्व व्यायामप्रचारकांत हा दोष आढळतो. त्यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की, त्यांनी आपल्या हाती असलेले साधन वापरले. पाऊस त्यांच्या हाती नव्हता, शाळेची घंटा होती.

सक्तीचाही प्रश्न आहे. हुकमाने केलेला व्यायाम मुलाच्या अंगवळणी पडतो की नावडता होतो? आणि मंत्रांसह घातलेला नमस्कार सर्व धर्मांच्या मुलांना सारखाच आपला वाटतो का? बाळासाहेबांच्या मनात व्यायाम आणि उपासना यांत फारसे अंतर नव्हते. ज्यांच्या घरी सूर्योपासना नाही त्यांच्यासाठी ते होते. अलीकडेही, २००७ साली मध्य प्रदेशात शाळांमधून सामुदायिक सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम झाला, तेव्हा हाच वाद उभा राहिला. दहा टप्प्यांची कवायत मंत्रांशिवाय होऊ शकते, शरीराला त्याने फरक पडत नाही. मात्र ज्याच्यासाठी ती उपासना आहे त्याला फरक पडतो आणि ज्याच्यासाठी नाही त्यालाही पडतो. शाळेने मध्ये कुठे उभे राहायचे, हे औंधच्या उदाहरणावरून ठरत नाही.

बाळासाहेब एकटे नव्हते. त्याच काळात बडोद्याला राजरत्न माणिकराव जुम्मादादा व्यायाममंदिरातून तरुणांच्या पिढ्या घडवीत होते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम उभारून आसने आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. विदर्भात अमरावतीला १९१४ पासून हनुमान आखाड्याचे काम चालू होते. तेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. या सगळ्यांहून औंधचा मार्ग वेगळा होता. बाकीचे आखाडा, संस्था किंवा प्रयोगशाळा बांधीत होते आणि मुलाला तिथे बोलावीत होते. बाळासाहेब व्यायामाला मुलाच्या घरी पाठवू पाहत होते.

त्यासाठी त्यांनी छापखान्याचा भरपूर उपयोग केला. सूर्यनमस्कारांवरील त्यांचे पुस्तक निघाले, इंग्रजीतही आवृत्त्या झाल्या. नमस्काराचे टप्पे दाखवणारा मूकपटही त्यांनी तयार करवून घेतला. १९३६ साली ते विलायतेत असताना लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची दखल घेतली. सत्तरीकडे झुकलेल्या या हिंदी राजाचे ताठ शरीर पाहून लंडनच्या वाचकांना कुतूहल वाटणे साहजिक होते. त्यातूनच १९३८ मध्ये लंडनला दहा टप्प्यांच्या आरोग्यमार्गावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सँडोच्या पुस्तकावरून व्यायाम शिकलेल्या माणसाने तीस वर्षांनी सँडोच्याच शहरात आपल्या व्यायामाचे पुस्तक छापून आणावे, हा काळाने केलेला जमाखर्च मोठा मौजेचा आहे.

राजाच्या इतर उद्योगांची यादी लांब आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील कारखाना हलवावा लागला, तेव्हा कुंडलजवळचा ओसाड माळ आणि कर्जाऊ भांडवल त्यांनी दिले. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन राहिले, स्वाध्याय मंडळाचे वेदकार्य त्यांनी तिथूनच चालवले आणि नमस्कारांच्या प्रचारालाही हात दिला. सातवळेकर शंभरी ओलांडून १९६८ साली गेले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाळासाहेबांनी एक लाख रुपयांचे साह्य कबूल केले. चित्ररामायण स्वतः चितारले. औंधच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभे केले, त्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत संग्रह आहे.

शरीराच्या स्वावलंबनाकडून राज्याच्या स्वावलंबनाकडे ते गेले, तो टप्पा विदर्भाशी जोडलेला आहे. राजपुत्र अप्पासाहेब विलायतेहून शिकून परतले होते. पोलंडमध्ये जन्मलेले आणि म्हैसूर संस्थानात काम करणारे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा औंधशी संबंध आला, आणि प्रजेच्या हाती राज्य सोपवावे ही कल्पना पुढे आली. १९३८ साली ही मंडळी नागपूरपासून काही कोसांवरच्या सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. तिथे औंधच्या राज्यघटनेचा आराखडा ठरला, ग्रामपंचायत हा तिचा पाया. राजाने सत्ता सोडायची आणि खर्च आटोपता घ्यायचा, राजपुत्राने खेड्यांत राहून काम करायचे, अशी त्यामागची अपेक्षा होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये घोषणा झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये घटना अमलात आली. ब्रिटिशांच्या छत्राखालच्या संस्थानिकाने आपणहून सत्ता प्रजेला द्यावी, हे सरकारला रुचणारे नव्हतेच. शेजारच्या संस्थानिकांनाही ते रुचले नसावे.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत याच काळातली. भिंतीवाचून तुरुंग चालवण्याच्या त्या प्रयोगावरून पुढे व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची होती, आणि माडगूळकर तर औंधच्याच शाळेत शिकलेले. त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. आटपाडीचे शंकरराव खरात यांचेही शिक्षण औंधला झाले. दलित कुटुंबातून आलेला हा विद्यार्थी पुढे लेखक आणि मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याहून आधी, लहानपणी साने गुरुजी शिकण्यासाठी औंधला जाऊन राहिले होते, प्लेगमुळे त्यांना ते गाव सोडावे लागले. एवढ्याशा गावाच्या शाळेचा हा लौकिक नमस्कारांमुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या राजाला शाळेतल्या मुलाच्या गुडघ्याचा वाक सरळ आहे की नाही याची फिकीर होती, त्याला त्याच्या शुद्धलेखनाची आणि फीचीही असणार.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. शाळांवरचा राजाचा हुकूम संपला. बाळासाहेबांचा रोजचा क्रम हुकमावर अवलंबून नव्हता. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून आफ्रिका, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन असे देशोदेशी राहिले. १९७० साली त्यांनी सूर्यनमस्कारांवर स्वतःचे इंग्रजी पुस्तक लिहिले. १९९२ साली ते गेले. दरम्यान नमस्काराचे रूप बदलत गेले. दहाच्या जागी बारा टप्पे रूढ झाले. बाळासाहेबांच्या काळात सूर्यनमस्काराला कोणी योगासनांत धरीत नसे, तो व्यायाम मानला जाई. आज परदेशातील योगवर्गांची सुरुवातच त्याने होते आणि त्या वर्गांतल्या बहुतेकांनी औंधचे नाव ऐकलेले नसते. रथसप्तमीला महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या पटांगणांवर मुले रांगेत उभी राहून नमस्कार घालतात. त्यांतील पुष्कळांना ती वर्षातून एका दिवसाची गोष्ट वाटते. बाळासाहेबांच्या पाठात मात्र आठवड्याची सुट्टीही फारशी बसत नव्हती.